पेण–रोहा परिसरातील भूऔष्णिक संसाधने

पेण–रोहा परिसरातील भूऔष्णिक संसाधने म्हणजे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा व लगतच्या सुधागड तालुक्यांच्या पट्ट्यात जमिनीखाली असलेली नैसर्गिक उष्णता आणि त्या उष्णतेने तापलेले भूजल. हा पट्टा भारताच्या पश्चिम किनारा भूऔष्णिक प्रांतात मोडतो. पालीजवळील उन्हेरे येथील उष्ण पाण्याची कुंडे हे या परिसरातील भूऔष्णिक क्रियेचे सर्वपरिचित दृश्य लक्षण आहे. झरे ज्या भूरचनेशी निगडित मानले जातात, ते उत्तर–दक्षिण विभंग, भित्ती व खडकांचा बाक मात्र कुंडांपुरते मर्यादित नसून पेण, नागोठणे व रोहा या भागांतून दूरवर पसरलेले आहेत. त्यामुळे भूपृष्ठावर कोणतीही खूण नसलेले, म्हणजेच प्रच्छन्न, उष्ण जलसाठे येथे असू शकतात का, हा भूवैज्ञानिकांच्या अभ्यासाचा विषय आहे.

संज्ञा

ज्या भूऔष्णिक प्रणालीतील उष्ण पाणी किंवा वाफ भूपृष्ठावर येत नाही, तिला प्रच्छन्न किंवा छुपी भूऔष्णिक प्रणाली म्हणतात. पाणी वर न येण्याची कारणे अनेक असतात. साठ्यावर मातीचा अथवा अपार्य खडकाचा जाड थर असू शकतो. भेगा खनिजांनी बुजलेल्या असू शकतात. किंवा वर येणारे उष्ण पाणी उथळ थंड भूजलात मिसळून आडवे वाहून जाते. अशा प्रणालीचे अस्तित्व केवळ अप्रत्यक्ष पुराव्यांवरून ताडावे लागते व अखेरीस वेधन करूनच सिद्ध करता येते.

मराठीत उष्ण झऱ्यासाठी ‘उन्हाळे’ हा जुना शब्द आहे. सुधागड तालुक्यातील उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे व राजापूरजवळील उन्हाळे या ग्रामनामांत ‘ऊन’ म्हणजे उष्ण हाच घटक दिसतो. त्यामुळे जुनी ग्रामनामे व स्थळनामे ही झऱ्यांच्या नोंदीसाठी उपयुक्त ठरतात. प्रच्छन्न साठ्यांच्या बाबतीत मात्र असा भाषिक मागही उपलब्ध नसतो.

स्थान व भूरचना

सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामधील अरुंद कोकणपट्टीत हा परिसर येतो. पेण शहर भोगावती नदीकाठी, नागोठणे अंबा नदीकाठी आणि रोहा कुंडलिका नदीकाठी वसलेले आहे. सह्याद्रीकडून येणाऱ्या या नद्या खाड्यांमार्फत समुद्राला मिळतात. पेण तालुक्याच्या पश्चिम भागात भरतीचे पाणी आतपर्यंत शिरते व तेथे खारभूमीचे विस्तृत क्षेत्र आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळणारा विपुल पाऊस भेगांतून खोलवर झिरपतो. भूऔष्णिक प्रणालीला लागणारे पाणी मुख्यतः याच पावसाचे असते. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जात असल्याने जुन्या अहवालांत या भागाच्या नोंदी कुलाबा या नावाखाली आढळतात.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्ह्याच्या प्रचंड उद्रेकांतून दख्खनचे बेसाल्ट थर तयार झाले. हे थर दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखले जातात. त्याआधी, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्कर भारतापासून विलग झाला होता. उद्रेकांनंतर काही लाख ते काही दशलक्ष वर्षांत सेशल्सचा भूखंडही दूर सरला. या विलगीकरणात भारताच्या पश्चिम कडेचे कवच ताणले गेले, त्यात किनाऱ्याला साधारणपणे समांतर विभंग पडले आणि कवचाचे काही भाग खचले. त्यामुळे कोकण किनारा हा एका प्राचीन खचपट्ट्याची भूभागाकडील कड ठरतो.

या ताणाची सर्वांत ठळक खूण म्हणजे पनवेल फ्लेक्शर या नावाने ओळखला जाणारा खडकांचा बाक. जे. बी. ऑडन यांनी १९४९ साली पश्चिम भारतातील भित्तींवरील आपल्या लेखनात त्याची चर्चा केली. सह्याद्रीत जवळजवळ आडवे असलेले बेसाल्टचे थर कोकणात उतरल्यावर या बाकाच्या पट्ट्यात पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने, कलतात. काही ठिकाणी ही नती बरीच तीव्र होते. हा पट्टा मुंबईच्या उत्तरेकडून पनवेल, पेण व नागोठणे या भागांतून दक्षिणेस मुरूडच्या दिशेने जातो. त्याची निर्मिती साध्या वाकण्याने झाली, की खोलीवर वक्र होत जाणाऱ्या विभंगावर खडकांचे ठोकळे फिरल्याने झाली, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. हेतू शेठ यांनी १९९८ मध्ये दुसऱ्या स्वरूपाचे स्पष्टीकरण मांडले.

याच पट्ट्यात उत्तर–दक्षिण दिशेने पसरलेल्या भित्तींचा दाट समूह आहे. भित्ती म्हणजे उभ्या भेगांत शिलारस घुसून थिजल्याने तयार झालेली खडकाची भिंत. या भित्ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवाल्या असल्याने आजच्या उष्णतेचा स्रोत ठरत नाहीत. भूजलाच्या हालचालीवर मात्र त्यांचा मोठा परिणाम होतो. घट्ट भित्ती पाण्याला आडवून बांधासारखे काम करते, तर तिच्या कडेचा भेगाळलेला खडक पाण्याला वर चढण्याची वाट देतो.

परिसरातील उष्ण झरे

पश्चिम किनारा प्रांतातील उष्ण झरे पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत सुमारे ३५० किमी लांबीच्या पट्ट्यात आढळतात. किनारा व सह्याद्री यांच्या दरम्यान ते स्थूलमानाने उत्तर–दक्षिण रांगेत आहेत. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे :

• सातिवली, गणेशपुरी, वज्रेश्वरी व अकलोली : उत्तरेकडील गट. यांपैकी गणेशपुरी, वज्रेश्वरी व अकलोली हे झरे तानसा नदीच्या परिसरात आहेत.
• उन्हेरे : पाली (ता. सुधागड) गावाजवळ, अंबा नदीच्या खोऱ्यात. पेण व रोहा शहरांपासून जवळ असलेले हे सर्वपरिचित ठिकाण आहे. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराच्या दर्शनास येणारे अनेक भाविक येथे स्नान करतात.
• सव : महाडजवळ, सावित्री नदीच्या काठी.
• उन्हवरे (ता. दापोली) : तापमान सुमारे ७० °से.; या प्रांतातील सर्वाधिक उष्ण झऱ्यांपैकी एक.
• अरवली, तुरळ व राजवाडी : संगमेश्वर तालुक्यात. तुरळ येथील पाण्याचे तापमान सुमारे ६० °से. आहे.
• उन्हाळे : राजापूरजवळ.

उन्हेरे व सव येथील पाणी उन्हवरे किंवा तुरळपेक्षा बरेच कमी तापलेले आहे. केवळ यावरून खोलीवरील साठाही कमी उष्ण असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. वर येताना पाण्याची उष्णता खडकात जाते व त्यात उथळ थंड पाणी मिसळते, त्यामुळे कुंडातील तापमान हे साठ्याच्या तापमानाची केवळ किमान मर्यादा दर्शवते.

संशोधनाचा इतिहास

भारतातील उष्ण झऱ्यांची पहिली मोठी शास्त्रीय सूची टॉमस ओल्डहॅम यांनी संकलित केली. ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८८२ मध्ये प्रसिद्ध केली. कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ मध्ये निघाले. ऊर्जास्रोत म्हणून या झऱ्यांकडे पाहण्याची सुरुवात १९६० च्या दशकात झाली. केंद्र सरकारने नेमलेल्या उष्ण झरे समितीने १९६८ मध्ये आपला अहवाल दिला. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लडाखमधील पुगा खोरे, हिमाचल प्रदेशातील पार्वती खोरे, मध्य भारतातील तातापानी व पश्चिम किनारा येथे पद्धतशीर पाहणी केली. या कामाचे संकलन भारताचा भूऔष्णिक नकाशासंग्रह म्हणून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत देशभरातील ३८१ औष्णिकदृष्ट्या असामान्य स्थळांची नोंद आहे. देशाची संभाव्य भूऔष्णिक क्षमता सुमारे १०,६०० मेगावॉट असल्याचा अंदाज वारंवार दिला जातो. तो स्थूल स्वरूपाचा असून वेधनाने सिद्ध झालेल्या साठ्यांची ती बेरीज नाही.

खोल कवचाच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात केळशी ते लोणी आणि गुहागर ते चोरोची या रेषांवर भूकंपीय मापने केली. त्यांतून बेसाल्टची जाडी पूर्वेकडून किनाऱ्याकडे वाढत असल्याचे दिसून आले. मुंबईच्या परिसरात गुरुत्वाकर्षणाचे मूल्य अपेक्षेपेक्षा जास्त आढळते. याचा संबंध कवचात घुसून थिजलेल्या जड, घन खडकाशी जोडला जातो. झऱ्यांच्या पाण्याच्या रसायनशास्त्रावर भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील डी. चंद्रशेखरम् व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ काम केले.

पाण्याचे रासायनिक स्वरूप

पश्चिम किनाऱ्यावरील बहुतेक उष्ण झऱ्यांचे पाणी किंचित अल्कधर्मी असून त्यात सोडियम, कॅल्शियम व क्लोराइड यांचे प्राबल्य असते. परिसरातील साध्या विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट अधिक असते. हा फरक प्रच्छन्न साठ्यांच्या शोधात महत्त्वाचा ठरतो. एखाद्या कोमट किंवा थंड विहिरीतही क्लोराइड व सिलिका यांचे प्रमाण असामान्य आढळल्यास खोलवरचे उष्ण पाणी तेथे मिसळत असल्याची शक्यता तपासली जाते. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या समस्थानिकांच्या मापनांवरून हे पाणी मूलतः पावसाचेच असल्याचे दिसते. त्यातील क्लोराइड समुद्राच्या पाण्यातून येते, की बेसाल्टखालील जुन्या खडकांशी झालेल्या दीर्घ संपर्कातून, याविषयी निरनिराळी मते आहेत.

साठ्याचे तापमान अजमावण्यासाठी रासायनिक तापमापकांचा उपयोग होतो. पाणी जितके उष्ण, तितकी त्यात सिलिका अधिक विरघळते आणि पाणी वेगाने वर आल्यास ती त्यात तशीच राहते. म्हणून सिलिकेच्या प्रमाणावरून खोलीवरील तापमान काढता येते. मात्र ही सिलिका क्वार्ट्झशी समतोलात आहे, की कॅल्सेडोनीशी, हे गृहीत धरावे लागते व दुसऱ्या गृहीतकाने उत्तर बरेच कमी येते. पश्चिम किनारा प्रांतातील साठ्यांसाठी १२० °से.च्या आसपासचे अंदाज प्रसिद्ध झाले आहेत. ते अशा गृहीतकांवर अवलंबून आहेत.

उष्णतेच्या उगमाविषयी मते

कोकणात आज जिवंत ज्वालामुखी किंवा तप्त शिलारसाचा उथळ साठा असल्याचा पुरावा नाही. उष्णतेच्या उगमाविषयी मुख्यतः दोन मते मांडली जातात.

पहिल्या मतानुसार ताणल्या गेलेल्या पश्चिम कडेतून पृथ्वीच्या अंतर्भागाची उष्णता अधिक प्रमाणात बाहेर पडते. या प्रांतासाठी दर चौरस मीटरला ७५ ते १२९ मिलिवॉट उष्णता प्रवाह आणि दर किलोमीटर खोलीस ४७ ते ५९ °से. तापमानवाढ अशी मूल्ये प्रसिद्ध झाली आहेत. ती ग्राह्य धरल्यास, भूपृष्ठाजवळचे तापमान २७ °से. मानून, १२० °से. तापमान दोन किलोमीटरच्या आतच मिळेल.

दुसऱ्या मतानुसार येथील कवच फारसे उष्ण नसून पाणी भेगांतून फार खोल जाते आणि तेथील सामान्य उष्णता घेऊन परत येते. या मताला दख्खनच्या अंतर्भागातील मापनांचा आधार आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे घेतलेल्या ६१७ मीटर खोल वेधनात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली व उष्णता प्रवाह दर चौरस मीटरला सुमारे ४३ मिलिवॉट आढळला. खचपट्टा निर्माण होऊन सहा कोटींहून अधिक वर्षे झाली असल्याने त्या काळची जादा उष्णता बरीचशी निघून गेली असावी, असाही युक्तिवाद केला जातो.

या दोन मतांचा निर्णय करताना बेसाल्टचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. ग्रॅनाइटच्या तुलनेत बेसाल्टची उष्णतावाहकता कमी असते. बेसाल्टसाठी ती सुमारे १.७, तर ग्रॅनाइटी खडकांसाठी सुमारे ३ वॉट प्रतिमीटर प्रतिअंश असते. त्यामुळे ४३ मिलिवॉट प्रवाह असला तरी बेसाल्टमध्ये दर किलोमीटरला सुमारे २५ °से. वाढ होते आणि खालच्या ग्रॅनाइटी खडकात ती सुमारे १४ °से.वर येते. बेसाल्टची जाडी दीड किलोमीटर मानल्यास या हिशोबाने त्याच्या तळाशी सुमारे ६५ °से. तापमान असेल आणि १२० °से.साठी पाच किलोमीटरहून अधिक खोल जावे लागेल. उथळ विहिरीतील तापमानवाढ तशीच खोलवर लागू केल्यास अंदाज फुगतो, तो यामुळेच. झऱ्याच्या अगदी जवळ घेतलेले वेधनही फसवे ठरते. तेथील वाढ खडकातील वहनाची नसून वर चढणाऱ्या उष्ण पाण्याची असते.

प्रच्छन्न साठ्यांच्या शोधाच्या पद्धती

प्रच्छन्न साठ्याचा शोध स्वस्त व विस्तृत पाहणीकडून महागड्या वेधनाकडे टप्प्याटप्प्याने जातो.

१. रचनात्मक नकाशा : उपग्रह प्रतिमा, उंचीची प्रतिरूपे व प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे विभंग, भित्ती व संधींच्या रेषा आखल्या जातात. एकाच सलग विभंगापेक्षा दोन विभंगांची छेदने, विभंगांची टोके आणि एका विभंगावरून दुसऱ्यावर सरकणारे दुवे अधिक आशादायक मानले जातात, कारण तेथे खडक जास्त भेगाळलेला व पार्य असतो.

२. विहिरींची पाहणी : गावोगावच्या खोदविहिरी व कूपनलिका यांतील तापमान, क्लोराइड, सिलिका, फ्लोराइड व बोरॉन यांची पावसाळ्यापूर्वी आणि नंतर नोंद घेतली जाते. उन्हाळ्याच्या अखेरचे नमुने विशेष उपयुक्त असतात, कारण तेव्हा पावसाच्या पाण्याची भेसळ सर्वांत कमी असते.

३. मृदावायू : रेडॉन, हेलियम व कार्बन डायऑक्साइड यांचे जमिनीतील वाढते प्रमाण खोल पोहोचणाऱ्या खुल्या भेगांकडे निर्देश करते.

४. उथळ तापमान मापन : सुमारे दोन मीटर खोलीवर दैनंदिन तापमानबदल जवळजवळ नाहीसा होतो. त्या खोलीवरील तापमानाची जाळीदार पाहणी करून उबदार पट्टे शोधले जातात.

५. मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत : पृथ्वीच्या चुंबकीय व विद्युत क्षेत्रांतील नैसर्गिक बदल मोजून खोलवरील खडकांची विद्युत रोधकता काढली जाते. क्षारयुक्त उष्ण पाणी व मृत्तिकामय खडक यांची रोधकता कमी असते.

६. तापमान-प्रवणता वेधन : आशादायक ठिकाणी १०० ते ५०० मीटर खोलीची अरुंद छिद्रे घेऊन तापमान मोजले जाते. पाण्याच्या हालचालीचा परिणाम वगळता आला, तरच त्यावरून खोल वेधनाचा निर्णय घेणे योग्य ठरते.

स्थानिक अडचणी

पेण–रोहा परिसरात या पद्धतींना काही विशिष्ट मर्यादा येतात. खाड्यांतील खारे पाणी पश्चिमेकडील खडकांत मुरलेले असल्याने कमी रोधकता व जादा क्लोराइड ही दोन्ही लक्षणे उष्ण पाण्याविनाही दिसू शकतात. ब्रोमाइड–क्लोराइड गुणोत्तर व समस्थानिके यांच्या साहाय्याने समुद्रजलाचा वाटा वेगळा काढावा लागतो. मुसळधार पावसामुळे उथळ भूजल दरवर्षी नव्याने भरते व उष्ण पाण्याचा रासायनिक ठसा विरळ होतो.

विद्युत गोंगाट ही दुसरी अडचण आहे. विद्युतीकृत लोहमार्ग, रोह्याजवळील धाटाव व नागोठणे येथील औद्योगिक क्षेत्रे आणि उच्चदाब वीजवाहिन्या यांमुळे सूक्ष्म नैसर्गिक संकेत झाकले जातात. अशा गोंगाटाचे जिल्ह्यातील एक जुने उदाहरण चुंबकीय वेधशाळेचे आहे. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडू नयेत म्हणून ते काम अलिबागला नेण्यात आले व अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये कार्यान्वित झाली. ही वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवी पनवेल येथे आहे.

इतर खचपट्ट्यांशी तुलना

पूर्व आफ्रिकेची खचदरी आजही सक्रिय असून तेथे उथळ शिलारस आहे. केनियातील ओल्कारिया येथे १९८१ पासून भूऔष्णिक वीजनिर्मिती होते. कोकणाची तुलना त्या दरीपेक्षा फ्रान्स–जर्मनी सीमेवरील ऱ्हाइन खचदरीशी करणे अधिक योग्य ठरते, कारण तेथेही आज जिवंत ज्वालामुखी नाही व उष्णता विभंगांतून फिरणाऱ्या पाण्याबरोबर वर येते. तेथील सुल्त्झ येथे सुमारे पाच किलोमीटर खोलीवर २०० °से.च्या आसपास तापमान मिळाले. ऱ्हाइन खचदरी कोकणच्या खचपट्ट्यापेक्षा वयाने लहान असल्याने ही तुलनाही मर्यादितच आहे. प्रच्छन्न साठ्याचे यशस्वी उदाहरण म्हणून अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील मॅकगिनेस हिल्सचा उल्लेख होतो. तेथे जिवंत उष्ण झरा नव्हता. मात्र पूर्वीच्या झऱ्यांनी साचवलेले सिलिकेचे थर शिल्लक होते. तेथील वीजकेंद्र २०१२ मध्ये सुरू झाले.

संभाव्य उपयोग

१०० °से.पेक्षा कमी तापमानाच्या पाण्यापासून वीज मिळवण्यासाठी कमी उत्कलनबिंदू असलेला दुसरा द्रव तापवून त्याच्या बाष्पावर टर्बाइन चालवतात. अलास्कातील चीना येथे २००६ पासून सुमारे ७४ °से. पाण्यावर अशी वीजनिर्मिती होते. परंतु तेथे थंडाव्यासाठी अतिशय थंड पाणी उपलब्ध आहे. कोकणातील उष्ण व दमट हवामानात उष्ण व थंड टोकांतील फरक कमी राहतो, त्यामुळे कार्यक्षमता घटते.

उष्णतेचा थेट वापर तुलनेने सोपा आहे. मासळी, भात व फळे वाळवणे, शोषण-शीतकाच्या साहाय्याने शीतगृहे चालवणे आणि कारखान्यांत लागणारे पाणी आधीच तापवून घेणे हे उपयोग मध्यम तापमानाच्या पाण्यावर शक्य आहेत. उष्णता दूर वाहून नेणे महाग असल्याने साठा व वापराचे ठिकाण जवळ असावे लागते. मासळीच्या बाजारपेठा व औद्योगिक वसाहती जवळ असणे ही पेण–रोहा पट्ट्याची त्या दृष्टीने जमेची बाजू आहे.

पर्यावरण व सामाजिक प्रश्न

उष्ण झरे हे भूगर्भातील मर्यादित दाबाच्या आधारावर वाहतात. जवळपास खोल विहिरी घेऊन मोठा उपसा केल्यास कुंडांची पातळी किंवा तापमान घटण्याचा धोका असतो. उन्हेरे व सव यांसारखी ठिकाणे श्रद्धा, स्नान व स्थानिक उपजीविका यांच्याशी जोडलेली असल्याने वेधनापूर्वीच्या अनेक ऋतूंतील नोंदी आणि वापरलेले पाणी पुन्हा साठ्यात सोडण्याची व्यवस्था आवश्यक मानली जाते. फ्लोराइड व बोरॉनयुक्त पाणी थेट नदीत किंवा शेतात सोडल्यास हानी होऊ शकते.

पाणी दाबाने खडकात सोडल्यास लहान भूकंप उद्भवू शकतात. ऱ्हाइन खचदरीतील बाझल येथील प्रकल्प २००६ मध्ये याच कारणाने थांबवण्यात आला. महाराष्ट्रात १० डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंध जलाशयाशी जोडला गेलेला असल्याने पश्चिम घाटाच्या परिसरात याबाबत विशेष दक्षता अपेक्षित आहे.

सद्यस्थिती

देशात भूऔष्णिक विजेचे प्रयोग मुख्यतः हिमालयात झाले आहेत. मणिकरण येथे ५ किलोवॉटचे प्रायोगिक संयंत्र उभारण्यात आले होते, तर पुगा येथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ मध्ये प्रकल्प हाती घेतला. केंद्र सरकारने २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. पश्चिम किनारा प्रांतातील उष्ण पाण्याचा वापर अद्याप प्रामुख्याने स्नान, तीर्थाटन व पर्यटन यांपुरता आहे. पेण–रोहा पट्ट्यातील संसाधनांचे खरे मूल्य बेसाल्टचा थर भेदून खालच्या जुन्या खडकापर्यंत पोहोचणाऱ्या आणि झऱ्यांपासून पुरेशा अंतरावर घेतलेल्या वेधनांतील तापमान मापनांवर अवलंबून आहे. उष्णतेच्या उगमाविषयीच्या वरील दोन मतांपैकी कोणते ग्राह्य, हेही अशाच मापनांतून स्पष्ट होऊ शकते.